गूळ करायला शिकायचाय, वर्षाचं पत्रक मांडलंय – चुका काढा

शनिवारचा_शेतकरी
नमस्कार मंडळी.
कोल्हापूर पद्धतीचा गूळ करायला शिकायचं आणि पुढं स्वतःच्या शिक्क्यानं विकायचा, असा बेत आहे. नोकरी सुरूच राहणार. हाताशी शनिवार-रविवार आणि हंगामात पंधरा दिवसांची रजा. पत्रक असं:
जून ते सप्टेंबर वाचन, व्हिडिओ, आणि इथल्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रातून मिळेल ती माहिती. ऑक्टोबरात बंद पडलेलं एखादं गुऱ्हाळ भाड्यानं घ्यायचं. नोव्हेंबरात पंधरा दिवस गुळव्याच्या (गूळ शिजवणाऱ्या कारागिराच्या) हाताखाली. डिसेंबरपासून काहील (रस आटवायची मोठी कढई) स्वतः उतरवायची. मार्चअखेर वीस टन गूळ, सगळा एक किलोच्या रव्यात (ढेपेत), विक्री ऑनलाइन.
प्रश्न दोनच. हे वेळापत्रक जमण्यासारखं आहे का? आणि मला गूळ 'आला' असं कधी म्हणायचं?

तांबडा_पांढरा
गुऱ्हाळावर गुऱ्हाळ लावलंय म्हणायचं. मी खोबऱ्याची वाटी आणि शेंगदाणे घेऊन वाफ्याच्या कडेला बसतो. चालू द्या.

चुलवाण
पत्रक नीटनेटकं आहे, आणि घोळ तिथंच आहे. पंधरा दिवस हाताखाली म्हणजे किती? एका काहिलीवर दिवसाला चार आधणं (काहिलीभर रसाचे घाणे) निघाली तर साठ आधणं डोळ्याखालून जातील. पण नोव्हेंबरच्या पंधरवड्यातली साठही आधणं एकाच धाटणीच्या उसाची असतात. जानेवारीतला ऊस वेगळा, मार्चमधला आणखी वेगळा. नोव्हेंबरचा गूळ शिकून मार्चचा जमत नाही.

गुळव्या नेमकं काय करतो ते इस्कटून सांगतो, म्हणजे शिकायचं काय ते कळेल. हजार लिटर रस काहिलीत पडला की पुढच्या अडीच-तीन तासांत साधारण साडेआठशे लिटर पाणी उडवायचं असतं. रस कोमट असतानाच भेंडीचं पाणी जातं. तापत गेला की मळी, म्हणजे रसातली घाण, वर यायला लागते, आधी काळपट आणि जाड. ती उकळी फुटायच्या आत काढावी लागते. एकदा खळखळून उकळी आली की मळी परत रसात फुटते आणि मग कुठल्याच शिब्यानं (मळी काढायच्या झाऱ्यानं) निघत नाही. त्यामुळं पहिला अर्धा-पाऊण तास जाळ मुद्दाम दाबून ठेवतात. नवशिक्याची पहिली चूक इथं होते. वेळ वाचवायला तो जाळ वाढवतो.

मळी निघाली की मग जाळ मोठा, जेवढा होईल तेवढा. इथं हळू शिजवलं तर साखर फुटते, म्हणजे दाणा धरत नाही, आणि गूळ मऊ राहतो. शेवटी पाक फुगायला लागला, बुडबुडे मोठे आणि आळशी झाले की जाळ पुन्हा कमी. म्हणजे एका आधणात हळू, जोरात, परत हळू. कधी बदलायचं हे चुलव्याला (जाळ घालणाऱ्याला) ओरडून सांगणं हेच गुळव्याचं काम. शिब्याचा दांडा कुणीही धरू शकतो.

हिशेबनीस
स्वप्नाचा हिशेब मांडतो, राग मानू नका.
तीन लाटांच्या (रुळांच्या) चरकातून उसाच्या वजनाच्या ६० ते ६५ टक्के रस निघतो. टनाला गूळ १०० ते १२० किलो. ११५ धरूया. वीस टन गुळाला १७४ टन ऊस लागला. टनाचा भाव ३,४०० धरला तर नुसता ऊसच सहा लाखांच्या आसपास, आणि एक किलो गुळात साधारण ३० रुपयांचा ऊस. तोडणी-वाहतूक, मजुरी, वीज, भाडं, पॅकिंग वेगळं.
आता वेळ. एका आधणात दोनशे किलो म्हणजे शंभर आधणं. डिसेंबर ते मार्च मिळून शनिवार-रविवार ३४-३५. प्रत्येक सुट्टीच्या दिवशी न चुकता तीन आधणं, तेही पहिल्याच वर्षी.
आणि मजूर? गुऱ्हाळावर तोडणीची टोळी सोडून दहा-बारा माणसं लागतात. ती हंगामाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन येतात. शनिवार-रविवार येऊन पाच दिवस घरी बसणारी टोळी अजून जन्माला आलेली नाही.

निवळी
@चुलवाण, सगळं बरोबर, फक्त भेंडीबरोबर चुन्याचंही सांगायला हवं होतं. ताज्या रसाचा सामू (पीएच) ५.२ ते ५.४ असतो. आंबट रस तापवला की साखर फुटते. म्हणून चुन्याची निवळी घालून तो ६ ते ६.४ पर्यंत आणतात. निवळीच घालायची, चुना नाही. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवून, ढवळून, ठेवून द्यायचा आणि वरचं स्वच्छ पाणी घ्यायचं. तळाचा गाळ गेला तर गुळाला चुन्याची चव लागते आणि रंग काळवंडतो. कमी पडला तर गूळ बसत नाही. बरेच गुळवे रसाच्या रंगावर आणि मळी कशी फाटते त्यावर अंदाज घेतात. शिकणाऱ्यानं सामूचे कागद जवळ ठेवावेत, स्वस्त असतात.

भेंडी म्हणजे रानभेंडीचं खोड. हजार लिटरला दीड-दोन किलो, हिरवं असेल तर ठेचून पाण्यात चुरायचं, चिकट पाणी गाळून घ्यायचं. आधी घालून ठेवलं तर तार जाते, म्हणून त्याच वेळी करायचं. हात घातल्यावर पाणी अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखं ओघळायला हवं.

अंकगणित
तुम्ही सगळे मिळून साध्या गोष्टीचं गूढ करताय असं वाटतं. ढेपेचा गूळ ११८ अंशाला उतरतो, काकवी १०५-१०६ ला, पावडर १२०-१२२ ला. सामू मोजता येतो, ब्रिक्स (रसाच्या गोडीचा आकडा) मोजता येतो. तीन आकडे सांभाळले की झालं. वर्षानुवर्षं हाताखाली राबायची गरजच काय? थर्मामीटर नव्हता तेव्हाचं ते शिक्षण.

चुलवाण
@अंकगणित, थर्मामीटर लावाच. पण तो लावला की काय होतं तेही ऐका. पाण्याला ९८ च्या आसपास उकळी येते, कारण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. म्हणजे इथं सुरुवातच दोन अंश खालून. पुस्तकातला ११८ कुठं मोजला हे पुस्तक सांगत नाही. म्हणून पहिल्या दिवशी थर्मामीटर उकळत्या साध्या पाण्यात धरा, आकडा वहीत लिहा, आणि पाक त्याच्या वर किती अंश चढला तेवढंच मोजा.

दुसरं म्हणजे काटा सारखा चढत नाही. पहिले दोन तास तो ९८ ते १०४ मध्येच रेंगाळतो, काही होतच नाही असं वाटतं. शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत सगळं चढतं, आणि शेवटचे चार अंश तर चहा पिऊन होईपर्यंत. त्यात काहील उतरवली तरी तिचं बूड तापलेलंच असतं, पाक पुढं शिजत राहतो. आकडा दिसल्यावर उतरवली तर गूळ पुढं गेलेला असतो. एक अंश आधी हाक द्यावी लागते. किती आधी, ते काहिलीचं बूड, जाळ आणि माणसं किती चपळ आहेत यावर.

म्हणून गोळी. थंड पाण्याच्या भांड्यात पाकाचा थेंब सोडायचा, बोटांनी गोळा करायचा. पाण्यात पसरला तर लांब आहे. गोळी झाली पण दाबल्यावर चपटी होते तर जवळ आलंय. काहिलीच्या कडेवर मारल्यावर टण्ण वाजली की उतरवा. शेवटच्या दहा मिनिटांत दर मिनिटाला गोळी आणि आकडा दोन्ही बघितले तर दोघं एकमेकांना शिकवतात.

अंकगणित
उंचीचा मुद्दा मान्य, तो डोक्यात नव्हता. तरी माझं म्हणणं कायम आहे. नोंदी ठेवणारा माणूस न ठेवणाऱ्यापेक्षा लवकर शिकतो.

निवळी
यावर कोण भांडतंय? ठेवा की नोंदी. फक्त काहिलीच्या वाफेत वही धरू नका, शाई उतरते. पेन्सिल वापरा.

मातीतला
सगळे काहिलीभोवती जमलेत. गूळ रानात होतो, काहिलीत फक्त उतरतो.

तुमचं पत्रक जूनला सुरू होतं. या डिसेंबरात जो आडसाली ऊस गाळायचा तो गेल्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आहे. म्हणजे तुमच्या पत्रकाच्या आधीच गुळाचं निम्मं भवितव्य ठरलंय. जात, नत्र, पाणी, सगळं. तुमच्या हातात उरतं ते ऊस निवडणं. तेव्हा जून ते सप्टेंबर व्हिडिओ बघण्यापेक्षा रानं बघत फिरा, करवीर, पन्हाळा, कागल. शेतकऱ्याला चार गोष्टी विचारा. जात कुठली? को ९२००५, कोसी ६७१, को ८६०३२ यांचा गूळ चांगला बसतो. युरिया शेवटचा कधी टाकला? मोठ्या बांधणीनंतरही (उसाला मातीची भर दिल्यावरही) टाकला असेल तर सोडून द्या, गूळ काळा पडेल आणि पाणी सोडेल. जमीन कशी? क्षारपड रानातला ऊस दिसायला धिप्पाड असतो, पण गूळ खारट आणि ओला. आणि लावण की खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून परत फुटलेला ऊस)? खोडवा लवकर पक्व होतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिकायला तोच बरा.

तोडायच्या आधी हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर (ब्रिक्स मोजायच्या यंत्रावर) बुडखा, मध्य आणि शेंडा असे तीन थेंब बघा. बुडख्याला २१ आणि शेंड्याला १५ असेल तर ऊस कच्चा आहे, थांबा. शेंड्याचा आकडा बुडख्याला टेकायला आला की तोडा. पडलेला, तुरा येऊन महिना उलटलेला, उंदरानं कुरतडलेला ऊस बाजूला काढा. वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) जरा खालून छाटा, शेंड्याची दोन कांडी गेली तरी चालतील. तोडला की त्याच दिवशी गाळा. चोवीस तासांपुढं ठेवलेला ऊस म्हणजे वजनही जातं आणि साखरही. गुळव्यानं किती डोकं लावलं तरी शिळा ऊस बसत नाही.

कर्दळ
हे वाचून पहिल्यांदा कळलं की काही आधणं गुळव्याची चूक नसतानाही बिघडतात. मग शिकणाऱ्यानं चूक आपली की उसाची हे ओळखायचं कसं?

चुलवाण
@कर्दळताई, चांगलं विचारलंत, याचं उत्तर मिळेपर्यंत लोक दोन हंगाम काढतात. एकच ऊस, एकच दिवस, लागोपाठ दोन आधणं. एक गुळव्याचं, एक तुमचं. गुळव्याचं बसलं, तुमचं नाही, तर चूक तुमची. दोन्ही नाही बसली तर रानात जा.

लक्षणंही बोलतात. कडेला करपट वास आणि बुडाला काळे ठिपके दिसले की शेवटी जाळ जास्त झाला किंवा ढवळणं थांबलं. रवा बाहेरून टणक पण आत चिकट असेल तर आकड्याच्या आधी उतरवलंय. रंग छान, पण आठ दिवसांत पाझर सुटला तर साखर फुटलेली असते. त्याला चुना कमी किंवा ऊस शिळा यातलं एक कारण. रव्यात राखाडी रेघा म्हणजे मळी राहिली.

शाहूपुरीचा
धाग्याच्या विषयावर थोडं बोलतो. हे तालमीसारखं आहे. लाल मातीत पोरगं उतरलं की पहिल्या दिवशी वस्ताद डाव शिकवत नाही. आधी हौद्यातली माती खणायची, जोर-बैठका, मग अंग चोळणं, मग नुसतं धरणं. खासबाग मैदानात १९१२ पासून कुस्त्या होतात, तिथं पत्रक बघून कोण जिंकलंय?

अंकगणित
@शाहूपुरीचा, प्रत्येक विषयात तालीम आणायची सवय झालीय आपल्याकडं. पैलवान रोज सहा तास तालमीत असतो. धागाकर्ता आठवड्याला दोन दिवस. त्याला तालमीचा सल्ला देणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला विहिरीत ढकलून वर 'हात मार' म्हणणं.

शाहूपुरीचा
कोल्हापुरात पोहायला तसंच शिकवतात भावा. पाठीला डबा बांधून.

तांबडा_पांढरा
डबा! वाळलेला भोपळा पण असायचा. गूळ राहिला बाजूला.

पाणंद
@अंकगणित यांचा मुद्दा बाजूला टाकण्यासारखा नाही. दोन दिवसवाल्याला सराव कुठं? तर घरी. दहा लिटरच्या सरावाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

रसवंतीतून दहा लिटर रस सांगून घ्या. आलं-लिंबू-बर्फ नको, आणि चरक पहिल्यांदा पाण्यानं धुऊन पहिला तांब्याभर रस सोडून द्यायला सांगा. रिफ्रॅक्टोमीटर असेल तर रस गार असताना आकडा लिहा. रसवंतीचा बहुधा १७-१८ भरतो. पातळ कापडातून दोनदा गाळा. पसरट, जाड बुडाची स्टीलची किंवा लोखंडाची कढई घ्या, रस तिच्या एक तृतीयांशाच्या वर नको, कारण फुगतो. मंद आचेवर मळी, वीस-पंचवीस मिनिटं, झाऱ्यानं हलक्या हातानं. मग मोठा जाळ. फेस कढईच्या काठाला आला की शेंगतेलाचे चार-पाच थेंब पुरतात, लगेच बसतो. कपभर तेल ओतू नका, गुळाला वास राहतो.

शेवटी कडेनं जळू नये म्हणून लाकडी उलथन्यानं बूड सतत खरवडत राहायचं. उतरवल्यावर लगेच साच्यात नाही. तुपाचा हात लावलेल्या परातीत ओतून हळूहळू हलवायचं. चकाकी जाऊन धूसर झालं, उलथनं उचलल्यावर धार तुटायला लागली की ओल्या फडक्याच्या साच्यात. लवकर भरलं तर रवा वर पोकळ राहतो, उशीर केला तर परातीतच दगड. दहा लिटरचा पावणेदोन किलोच्या आसपास गूळ हातात येतो, म्हणजे किमान तराजू खोटं बोलत नाही.

हे वीसदा करा. गुऱ्हाळाचा खर्च नाही, मजूर नाहीत, शेजाऱ्यांना गूळ. कढईत जे कळणार नाही ते म्हणजे जाळ. गॅसचं बटण फिरवलं की जाळ कमी होतो. चुलवाणात (काहिलीखालच्या भट्टीत) टाकलेलं चिपाड (रस काढलेला ऊस) परत काढता येत नाही, पाच मिनिटं आधी टाकणं थांबवावं लागतं.

निवळी
पाणंद, उत्तम. फक्त दहा लिटरला निवळीचा हिशेब 'अंदाजे चमचा' असा करू नका कुणी. थेंबाथेंबानं आणि कागद बघत. छोट्या आधणात चुना हमखास जास्त होतो.

चुलवाण
@पाणंद, जळणाचं छेडलंत म्हणून पुढं सांगतो. टनाला साडेतीनशे किलोच्या वर ओलं चिपाड निघतं. त्यात निम्मं पाणी. पसरून दोन-तीन दिवस उन्हात वाळवलं तरच जळतं. चुलवाण चांगलं बांधलेलं असेल तर आपलं चिपाड आपल्याच काहिलीला पुरतं. हंगामाच्या पहिल्या दिवशी मात्र चिपाड शून्य असतं, आणि एखादा अवकाळी पाऊस आला तर वाळत टाकलेलं सगळं भिजतं. भाड्याचं बंद गुऱ्हाळ घेणार असाल तर आधी चुलवाण पेटवून बघा. धूर चिमणीतून वर न जाता तोंडातून बाहेर येत असेल तर भिंतीला तडा गेलाय किंवा धुराचा मार्ग राखेनं भरलाय. असलं चुलवाण दुप्पट जळण खातं, आणि आधणाला चार तास लागले की गूळ काळाच.

गूळपोळी_पंखा
रंगावरून प्रश्न. पिवळाधमक गूळ म्हणजे केमिकल आणि काळा म्हणजे सेंद्रिय, असं समजायचं ना?

निवळी
नाही. गडद रंग खराब मळी, जास्त चुना, करपलेला पाक, नत्राचा ऊस यातल्या कशानंही येतो. चांगला ऊस, वेळेत काढलेली मळी आणि जोरात शिजवलेला पाक असेल तर काहीही न घालता सोनेरी गूळ निघतो. उलट हायड्रॉस टाकून पांढुरका केलेला गूळ उतरवताना देखणा दिसतो, पण काही आठवड्यांत रंग परत मळतो. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, त्यातला गंधक गुळात राहतो. नुसत्या रंगावर निवाडा करू नका. रवा फोडून आत बघा, बारीक स्फटिक दिसायला हवेत. थोडा पाण्यात विरघळवून गाळ किती बसतो ते बघा.

हिशेबनीस
बाजाराचं सांगायचं तर गुजरातचा व्यापारी पिवळ्याला भाव देतो, आणि मार्केट यार्डातल्या सौद्यात रंग आधी बघितला जातो. धागाकर्ता थेट विकणार म्हणतो, म्हणजे रंगाचं ओझं कमी. पण एक किलोचा रवा आणि ऑनलाइन म्हटलं की पावसाळा आठवा. जून ते सप्टेंबर इथली हवा अशी असते की उघडा गूळ पाणी ओढतो. रवे गार झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, हवाबंद पिशवीत. गरम असताना भरले तर पिशवीच्या आत घाम आणि महिन्यात बुरशी. कोल्हापूर गुळाला भौगोलिक मानांकन आहे, २०१४ पासून, पण पिशवीवर ते छापायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. अन्न सुरक्षेची नोंदणी वेगळी. ही दोन्ही कामं पावसाळ्यात उरकावीत, व्हिडिओ बघत बसायच्या ऐवजी.

कर्दळ
एक सगळ्यांच्या तोंडून राहून गेलंय. सुरक्षितता. उकळता पाक अंगावर पडला तर पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून भाजत राहतो. काहिलीजवळ सुती कपडे, अंगभर, पायात बूट. चपला नको. काहील उतरवताना साखळी आणि कप्पी दोन्ही रोज तपासायच्या. आणि चरकात ऊस घालणाऱ्याच्या अंगावर ओढणी, मफलर, सैल बाही काहीच नको. हाताजवळ बंद करायचं बटण नसेल तर तो चरक चालवू नये, भाड्याचा असला तरी. नवशिके उत्साहात लाटेत अडकलेलं चिपाड हातानं ओढायला जातात. आधी वीज बंद, मग हात.

मातीतला
ताईंचं म्हणणं शंभर टक्के खरं.

शनिवारचा_शेतकरी
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. पत्रक खोडून पुन्हा लिहिलंय, बघा.
यंदा गुऱ्हाळ भाड्यानं नाही. पावसाळ्यात रानं बघणं आणि नोंदण्या. ऑक्टोबरपासून दर शनिवारी घरी दहा लिटर. पंधरा दिवसांची रजा एकदम न घेता पाच-पाच दिवस, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्चमध्ये, एकाच गुळव्याकडं. पहिल्या खेपेला फक्त मळी, दुसऱ्याला चुलीपाशी, तिसऱ्याला गोळी. विक्री शून्य. वीस टनांचं पुढच्या वर्षी बघू, किंवा त्याच्या पुढच्या.
यात काय चुकलं?

चुलवाण
क्रम. पहिल्या खेपेला चुलीपाशी बसा, मळी दुसऱ्याला. जाळ काय करतो हे कळल्याशिवाय मळी कधी काढायची ते कळत नाही. चुलव्याला कुणी विचारत नाही, पण आधणाचं घड्याळ त्याच्याच हातात असतं. आणि गुळव्याला आधीच विचारून ठेवा, हंगामात त्याला बोलायला सवड नसते. प्रश्न आधण उतरल्यावर, रवे भरून झाल्यावर. चालू आधणात एकही नाही.

हिशेबनीस
विक्री शून्य हे आवडलं. पण खर्च शून्य नाही. दहा लिटर रस गुणिले वीस शनिवार, रिफ्रॅक्टोमीटर, थर्मामीटर, सामूचे कागद, गॅस. वेगळी वही घाला आणि त्यात नासलेला गूळही लिहा, किलोत.

अंकगणित
थर्मामीटर घेताना काचेचा घेऊ नका, फुटला की सगळं आधण टाकावं लागेल. लांब दांड्याचा स्टीलचा, दीडशे अंशांपर्यंतचा. बुडाला टेकवायचा नाही, पाकाच्या मध्यात धरायचा. बुडाशी तीन-चार अंश जास्त दाखवतो.

चुलवाण
@अंकगणित, आता आलात काहिलीजवळ.

शाहूपुरीचा
'गूळ आला असं कधी म्हणायचं' याचं उत्तर कुणी दिलंच नाही की राव.

निवळी
गुळव्या जेवायला गेला आणि काहील तुमच्यावर सोडून गेला, तर त्याला विचारा.

मातीतला
आणि जेवून परत यायची घाई केली नाही, तर.

तांबडा_पांढरा
शेंगदाणे संपले. पहिल्या शनिवारचा रवा कुणाच्या घरी फुटणार तेवढं कळवा, तूप मी आणतो.